सरूबाईच्या नावाच्या गोळ्या

खडकेश्वर, औरंगाबाद
४ जानेवारी १९८८

प्रिय बिल्किस,

साडेदहा वर्षांनी लिहिते आहे. इतक्या वर्षांनी खुशाली विचारायचा हक्क उरत नाही, पण ती विचारल्याशिवाय पुढचं लिहिता येत नाही, म्हणून विचारते. तू, तुझे यजमान, सगीरा, सगळे बरे ना? सगीराला शाळेत नोकरी लागली हे आपल्या प्रयोगशाळेतल्या कमरोद्दीनकडून कळलं. तो अजून आहे. स्लाइडी धुताना अजून गुणगुणतो आणि मी आत आले की अजून गप्प होतो.

माझं ठीक. गुडघा दुखतो. ३१ मेला निवृत्त होईन. रक्तविकार विभाग आता डॉ. बद्रीनाथ तौर बघतात, माझेच विद्यार्थी. पेशी मोजायचं नवं यंत्र आलंय, मिनिटभरात आकडा देतं. मी अजून सूक्ष्मदर्शकाखाली मोजते आणि यंत्राला खोटं पाडायची संधी शोधते.

आता काम. तुझी स्वतःची एक वही असायची, निळ्या पुठ्ठ्याची. आपल्या रजिस्टरात लिहिण्याआधी तू रोजचे रक्तगट तिच्यात टिपायचीस. एका कामाच्या दोन नोंदी कशाला म्हणून मी रागवायचे. ती वही तुझ्याकडे असेल तर रजिस्टर्ड पोस्टानं पाठव. ७१ ते ७७ च्या काही नोंदी पडताळायच्या आहेत. आपल्या रजिस्टरची काही पानं वाळवीनं खाल्ली.

सरूबाई पुन्हा भरती आहे, म्हणून हे निघालं. सोयगावकडची, रामकिसनची बायको. आपली ल्युकेमियाची सरूबाई. या जातीच्या ल्युकेमियात माणूस तीन-चार वर्षं काढतो, ही सतरा वर्षं जगली. माझा ८१ चा शोधनिबंध हिच्यावरच. तू गेल्यानंतर छापून आला, तुझ्या पाहण्यात आला नसेल. दरवर्षी नव्या मुलांपुढे मी तिला उभी करते. तीही पदर सावरून उभी राहते, तिला सवय झाली आहे.

या वेळी हिरड्यांतून रक्त येतंय. अंगावर जांभळे डाग. हिमोग्लोबिन साडेतीन. हाडातली मज्जा काढायला सुई घातली तर हाती काही लागलं नाही. कोरडी.

रक्त द्यायचं तर कार्डावर गट लिहिलेला: ए, क्षीण. ए गटाच्या तीन बाटल्या आणल्या, तिन्ही जुळल्या नाहीत. मुलं गोंधळली. मी म्हणाले, ओ द्या. ओ जुळलं. का जुळलं ते कुणी विचारलं नाही. माझ्या निबंधात लिहिलं आहे ना, की रोगामुळे हिचा ए फिका पडला आहे. तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं.

वही लवकर पाठव. पोस्टाचा खर्च मी देईन.

अनसूया धारूरकर


खडकेश्वर, औरंगाबाद
११ जानेवारी १९८८

बिल्किस,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. असल्या गोष्टी पोस्टकार्डावर लिहीत नाहीत. पोस्टमन वाचतो. तो वाचूनच आला होता, तोंडावरून कळत होतं.

‘वही आहे. देणार नाही. आधी सांगा, कोणती सरूबाई? आणि उलट तपासणी तुम्ही केली होती की नाही?’

एवढंच. ‘मॅडम’ सुद्धा नाही. तू माझ्या हाताखाली नऊ वर्षं काम केलंस. असं बोलण्याची तुझी पद्धत नव्हती.

सविस्तर उत्तर देते. नोव्हेंबर ७६ मध्ये नवी कार्डं करायची म्हणून जुन्या रुग्णांचे गट आपण पुन्हा तपासले. सरूबाईचा ७१ साली ए होता, तुला ओ मिळाला. तू माझ्या टेबलाशी येऊन म्हणालीस, “मॅडम, ये हात वो हात नै है. उसके हात पे कोपर तक गोंदन था. इस हात में गोंदनच नै.” मी म्हणाले, तू सुई टोचायला आहेस, हात बघायला नाहीस. तू तिथेच थांबायला हवं होतंस. तू थांबली नाहीस. कमरोद्दीनसमोर म्हणालीस, “तो चेहरा देखो ना मॅडम. एक बार तो देखो.”

ल्युकेमियात ए फिका पडतो, हे शास्त्र आहे. मी काही मनानं रचलेलं नाही. त्याच महिन्यात परिषदेत वाचायचा निबंध टंकलिखित होऊन आला होता आणि तू एक हात दाखवत होतीस. पुढे जूनमध्ये तुझी बदली झाली. तुझ्या गोपनीय अहवालात ‘कामात निष्काळजी’ असा शेरा गेला. तो कुणी लिहिला हे तुला माहीत आहे.

सरूबाईला बरं नाही. डॉ. तौरांचं म्हणणं असं की इतकी वर्षं दडलेला रोग आता उलटला आणि मज्जा खाऊन बसला. सोमवारी, अठरा तारखेला, ते जहाल औषधं सुरू करणार आहेत. या अवस्थेत ती औषधं तिला आठ दिवससुद्धा झेपणार नाहीत. मी दोनदा म्हणाले, थांबा. ते अदबीनं म्हणाले, “मॅडम, कारण सांगा. कारण असेल तर थांबतो.”

माझ्याकडे कारण आहे.

तुझा दुसरा प्रश्न. माणूस खरोखर ए गटाचा असेल, मग त्याचा ए कितीही फिका पडलेला असो, त्याच्या सीरममध्ये ए पेशी टाकल्या तर त्या गोळा होत नाहीत. झाल्या तर तो माणूस ए नाही, आणि कधीही नव्हता. पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे येतं.

तू त्या दिवशी पाच वाजता घरी गेलीस. साडेपाचला मी ती तपासणी केली. पेशी गोळा झाल्या, तपासणीच्या पांढऱ्या चिनीमातीच्या फरशीवर लाल कण, नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतके. मी फरशी नळाखाली धरली आणि धुतली. मग रजिस्टरात लिहिलं: ए, क्षीण.

अनसूया


खडकेश्वर, औरंगाबाद
१९ जानेवारी १९८८

प्रिय बिल्किस,

तुझं उत्तर आलं नाही. उत्तर द्यावं असं माझं पत्र नव्हतंच. आता जे झालं ते क्रमानं सांगते.

रविवारी दुपारी वॉर्डात गेले आणि तिच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसले. मी रुग्णाजवळ कधी बसत नाही, तुला ठाऊक आहे. ती घाबरून उठायला लागली.

“मरायला लागले का मी, बाई?”

“पडून राहा. तुझं माहेरचं नाव काय?”

“मनकर्णा.” प्रश्न पुरा व्हायच्या आत तिनं सांगितलं, जणू कुणी तरी विचारावं म्हणून नाव हाताशीच ठेवलं होतं. “अजिंठ्याकडची मी. सरू नाव आत्याबाईनं ठिवलं. पहिली गेली ना त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात. लई गुणाची व्हती म्हनत्यात. तिचं नाव घरात ऱ्हावं म्हनून मला तेच दिलं. मी चौऱ्याहत्तरला आले. ही काय सरू.”

तिनं गळ्यातला चांदीचा टाक चिमटीत धरून दाखवला. तुमच्यात ही चाल नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे दुसरेपणावर दिलेली बायको मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात घालते, रोज त्याला नैवेद्य दाखवते, मगच जेवते. तो टाक घातलेली बाई दिसली की ती दुसरी बायको, हे आमच्याकडच्या शाळकरी मुलीलाही कळतं. माझ्या निबंधात तिचा फोटो छापला आहे, त्यातही टाक दिसतो. तू हात ओळखलास. मी टाक ओळखला नाही.

हे वाक्य खोटं आहे. खोडत नाही, पुन्हा लिहिते. मी टाक ओळखला होता.

“इथं कशी आलीस?” मी विचारलं.

“लगीन झाल्यावर ताप भरला, हटंना. आत्याबाई म्हनल्या, नावासंगं सरूचं दुखणंबी हिच्या अंगी आलं. कार्ड घरातच व्हतं. कार्ड दावलं की रांग नाय, सरळ तुमच्याकडं. तुम्ही इचारलं, सरूबाई का? म्या म्हनलं, व्हय.”

“मग मी काय केलं?”

“दुर्बिणीतून बघितलं अन् हसल्या की. म्हनल्या, शाब्बास! रोग पळाला, पन गोळी सोडायची नाय.” तिला ते आठवून आताही बरं वाटलं. “मला तवर कुनी शाब्बास म्हनलं नव्हतं.”

त्या हसण्याचं सांगते. पहिली सरू ७३ च्या फेब्रुवारीत शेवटची आली होती. दीड वर्षानंतर कार्ड पुन्हा माझ्यापुढे आलं आणि स्लाइडवर एकही वाईट पेशी नव्हती. असं कुणाचंच होत नाही, माझ्या रुग्णाचं झालं होतं. मी स्लाइडवरून मान वर केली असती तर समोर वीस वर्षांची मुलगी दिसली असती. पहिली तिशीची होती. पण तेव्हा, म्हणजे ७४ साली, मी खरंच वर बघितलं नाही. ती माझी चूक होती. ७६ नंतरचं जे आहे त्याला चूक म्हणत नाहीत.

७६ च्या डिसेंबरात मी तिची गोळी, ल्युकेमियात वाढलेल्या पेशी मारणारी, निम्मी केली. रोजची होती, एक दिवसाआड केली. निबंधात हे मी मोठ्या ऐटीत लिहिलं आहे, अल्प मात्रेचं धाडसी धोरण म्हणून. ज्याला काही माहीत नसतं तो मात्रा निम्मी करत नाही, आणि ज्याला माहीत असतं त्यानं ती बंद करायची असते. बंद केली असती तर बरी झालेली बाई बरीच राहिली असती आणि मला कारण सांगावं लागलं असतं. मी मधलं काही तरी शोधलं आणि त्या मध्यावर अकरा वर्षं तिला ठेवलं, स्वतःही राहिले.

मी तिला सांगितलं. सोप्या शब्दांत, लहान वाक्यांत. तुला हा रोग नव्हता. कधीच नव्हता. गोळी दुसऱ्या बाईची होती. तुझा रंग काळवंडला तो गोळीनं. तिसाव्या वर्षी पाळी गेली ती गोळीनं. मूल राहिलं नाही ते गोळीनं. आता रक्त आटलं आहे तेही गोळीनं. आणि हे मला माहीत होतं.

सिस्टर येऊन ताप बघून गेली. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तिळगूळ दिला, मनकर्णानं तो घेऊन उशाशी ठेवला. मग म्हणाली, “घरी सांगू नका.”

मला वाटलं, ऐकण्यात काही चुकलं. “का?”

“दुखणाईत हाय म्हनून मला कुनी वांझ म्हनलं नाय, बाई. दुखणाईत हाय म्हनून तिसरी आनली नाय. आत्याबाई थंडीत भांड्याला हात लावू देत नाय. जावा बोलत्यात, पन हळू बोलत्यात. तुम्ही माझं दुखणं काढून घेतलं तर मागं काय ऱ्हातं माझ्याजवळ?”

बिल्किस, खरं बोलले नाही तर सोमवारच्या औषधानं ती जाणार. बोलले तर घरातली तिची जागा जाणार. दोन्ही दारांना कडी मीच घातलेली. मी म्हणाले, “विचार करते,” आणि स्टूल जागेवर ठेवून आले.

सोमवारी सकाळी नऊला सिस्टर औषध भरत होती. मी तिला थांबवलं, कार्ड घेतलं आणि निदानावर आडवी रेघ मारली. तौर धावत आले.

“मॅडम, हे काय?”

“या बाईला ल्युकेमिया नाही.”

“सध्या पेशी दिसत नाहीत, पण...”

“कधीच नव्हता. ही ती बाई नाही. ती ७३ साली वारली.”

“मॅडम, ही केस आम्ही पाठ केली आहे.”

“खोटी पाठ केलीत. मी खोटी शिकवली.”

ते सिस्टरला म्हणाले, “ते परत ठेवा.” तेवढं काम झालं.

भेटायच्या वेळी रामकिसन आणि त्याची आई सारजाबाई, म्हणजे मनकर्णाच्या आत्याबाई, आले. मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. मनकर्णानं सांगू नका म्हटलं होतं, पण तौरांना कळल्यावर ते घरी कळणारच होतं. निदान कुणाच्या तोंडून आणि कसं कळावं एवढं माझ्या हातात होतं. मी पहिल्याच वाक्यात म्हणाले, “हिला मूल झालं नाही ते माझ्यामुळं. ही धडधाकट होती, मी हिला विष दिलं. हिच्यात काही खोट नाही.”

सारजाबाई पायरीवर बसलेल्या. त्यांनी दोनदा सगळं सांगायला लावलं. मग म्हणाल्या, “तुम्ही हिला पहिली सरू समजला व्हता?”

“हो.”

“आवं, ती उंच, गोरी, ह्या एवढ्या लांब केसांची. ही अशी. सोंग आनलं व्हतं का आम्ही? काय लपिवलं? नाव तेच, घर तेच, कार्ड तेच. आम्हाला वाटलं, एवढी शिकलेली डाक्टरीन बाई, हिला ठावंच असंल. ठावं असून देती म्हनजी तसंच दुखणं असंल.” त्यांचा आवाज चढला. “तुम्ही कवाच इचारलं नाय, बाई. मी दाराभायेर बसलेली असायची. एका हाकेवर व्हते.”

कुणी खोटं बोललं नव्हतं. त्या घरातलं एकही माणूस एकदाही खोटं बोललं नव्हतं.

रामकिसन भिंतीशी उभा होता. तो इतकंच म्हणाला, “गोळी म्याच द्यायचो तिला. ती इसरायची. मी रानातून येऊन द्यायचो, पानी बी म्याच द्यायचो.” आणि आत गेला. मी दारातून पाहिलं. तो खाटेच्या कडेवर बसला होता आणि तिचे पाय चेपत होता, वॉर्डभर बायका बघत असताना. सारजाबाई आत जाईनात. तिसरी आणायची भाषा अजून कुणी काढलेली नाही. पुढचं मला सांगता येणार नाही.

आज सकाळी तिचं नवं कार्ड केलं. मनकर्णाबाई रामकिसन. गट ओ. रक्त गोठवणाऱ्या पेशी नऊ हजार, दीड लाख तरी हव्यात. गोळी बंद झाली म्हणून मज्जा परत जागी होईल का? कधी कधी होते. बहुतेक वेळा नाही. मी तिला दोन्ही सांगितलं.

निबंध मागे घेत असल्याचं पत्र आणि तुझ्यावरचा शेरा खोटा होता असं निवेदन, दोन्ही कागद मी वरिष्ठांकडे दिले. निवेदनाची नक्कल सोबत आहे. त्यांनी मला चहा मागवला. म्हणाले, “मॅडम, औषध थांबलं ना? मग झालं. कॉलेजच्या माहितीपुस्तकात ही केस आहे. तुम्हाला जायला साडेचार महिने राहिले. थकवा येतो या वयात, गोंधळ होतो. आणि पुरावा तरी काय? ७१ आणि ७६ ची पानं रजिस्टरात नाहीत म्हणतात. वाळवीनं खाल्ली ना?”

वाळवी मीच उठवली होती. ती पानं ७७ च्या जुलैत मी फाडली, तू गेल्यावर महिन्याभरात. आणि चार तारखेच्या पत्रात तुझी वही मागितली ती पडताळायला नाही. घरच्या बंबात घालायला मागितली. तू ओळखलंस, म्हणून ‘कोणती सरूबाई’ असं विचारलंस.

आता पहिल्या सरूचा ए आणि या मनकर्णाचा ओ, दोन्ही एका हातानं लिहिलेले, फक्त तुझ्या वहीत आहेत. त्या पानांच्या साक्षांकित नकला काढ आणि नियतकालिकाच्या संपादकांना थेट पाठव. पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. माझ्यामार्फत पाठवू नकोस. तुला जे आठवतं ते तुझ्या शब्दांत लिही, माझ्याबद्दल सौम्य करून लिहू नकोस.

आणि हे नीट वाच. मी स्वतःला ओळखते. औषध थांबलं, बाई अजून जिवंत आहे, कागद वरिष्ठांच्या खणात पडला आहे. आठ दिवसांनी मला वाटायला लागेल की एवढं पुरे. मग मी वही मागायला येईन. तुझं खुलताबाद काही लांब नाही, एसटीनं तासाभराचा रस्ता. मी गोड बोलेन, रडेनसुद्धा. दारात घेतलंस तर उपकार, नाही घेतलंस तरी चालेल. वही मात्र मला देऊ नकोस.

जिच्या शब्दावर तू विसंबू नयेस अशी,
अनसूया धारूरकर